जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, मालक : घरच्या घरी डेटाची कणगी

दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातला एक ओळखीचा कारखानदार माझ्याकडे कॅरीबॅगमध्ये एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आला. "मालक, लावली की टिकटिक करायलीय आणि कॉम्प्युटरवर दिसंना झालीय. बघा की जरा." डिस्कमध्ये त्याच्या टॉवेल-चादरींची जकार्डची डिझाइनं होती, बारा वर्षांची. दुसरी कॉपी कुठंय, असं विचारलं तर म्हणाला, "हीच की कॉपी! कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून सगळं ह्यात टाकलं आणि तिकडचं उडवलं."

ही कॉपी नव्हे. सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं, इतकंच. डिस्क पुण्याला पाठवली, चांगले पैसे मोजले, निम्मी डिझाइनं परत आली. ती पाठवायची व्यवस्था करायला मी त्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा टेबलाखाली दोन जुने लॅपटॉप पायपुसण्यासारखे पडलेले दिसले. त्यातला एक जरी कामाला लावला असता तर ही वेळ आली नसती.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. संध्याकाळी अशी दुखणी घेऊन लोक येतात. जुन्या लॅपटॉपचा घरातल्या सगळ्यांच्या फायली एका जागी सांभाळणारा सर्व्हर कसा करायचा, हे त्यांना तोंडी सांगतो. तेच इथं क्रमानं लिहितोय. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, कधी पाहिलं नसेल तरी चालेल. एक शनिवार-रविवार आणि थोडा धीर लागेल.

आत्ता हा विषय काढायचं आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रं घरोघर निकामी ठरलीत. फायली सांभाळायच्या कामाला ती आजही भरपूर आहेत. दुसरीकडं गुगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद आहे. आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. पोरांच्या व्हिडिओंनी ते कधीच भरतं.

कोणतं यंत्र घ्यायचं

घरात जुना डेस्कटॉप आणि जुना लॅपटॉप दोन्ही असतील तर लॅपटॉप घ्या. हे मी आवडीनिवडीवरून सांगत नाही, विजेच्या बिलावरून सांगतोय. हे यंत्र दिवसरात्र चालू राहणार. स्क्रीन बंद असलेला जुना लॅपटॉप नुसता बसून साधारण ८ ते १५ वॅट खातो, जुना डेस्कटॉप ४० ते ७०. लॅपटॉपचे १२ वॅट धरले तर महिन्याला पावणेनऊ युनिटच्या आत, डेस्कटॉपचे ६० धरले तर ४३ युनिट. हिशेबापुरता दहा रुपये युनिट धरला तर एकाचे ८६ रुपये, दुसऱ्याचे ४३२. वर महावितरणची पायरी आहेच. ज्यांचं बिल कसंबसं १०० युनिटच्या आत बसतं, त्यांचे हे जादा ४३ युनिट पुढच्या महाग टप्प्यात जाऊन पडतात.

तुमचं यंत्र नेमकं किती खातं हे वॅट मोजणारं उपकरण विकत न घेता कळतं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी युनिटमागे किती लुकलुका ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. फ्रिजसकट घरातलं सगळं पाच-दहा मिनिटं बंद करा. वायफायचा राउटर आणि टीव्हीचा सेटटॉप बॉक्ससुद्धा. फक्त लॅपटॉप चालू ठेवा, त्याची बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर चार्जिंगची वीजही मोजाल. मग दिव्याच्या दोन लुकलुकांमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले सेकंद म्हणजे वॅट. माझ्या लॅपटॉपला ९४ सेकंद लागले, म्हणजे १२ वॅट. त्याच जागी डेस्कटॉप लावला तर दिवा दर १९ सेकंदांनी डोळा मारत होता. मीटरवर १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्या. हे करताना घरच्यांना आधी कल्पना द्या. मी दिली नव्हती आणि नेमकी मालिका चालू होती.

लॅपटॉपच्या बाजूनं दुसरी गोष्ट म्हणजे त्याची बॅटरी. तो फुकटचा यूपीएस आहे. आपल्याकडं लाइट जाते ती जातेच, पण पाणी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं, हे दुखणं वेगळंच. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत निमूट चालतो, मध्ये दहा मिनिटं लाइट गेली तर बॅटरी सांभाळते. बॅटरी अर्धा तासच टिकते म्हणून लॅपटॉप टाकून दिलेला असतो, पण सर्व्हरला अर्धा तास पुष्कळ झाला.

डेस्कटॉपच असेल तर तोही चालेल. ग्राफिक्स कार्ड काढून टाका, सीडी ड्राइव्हची वायर काढा, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज परत आल्यावर आपोआप चालू हो' हा पर्याय लावा आणि छोटा यूपीएस जोडा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पडून असेल तर उत्तम, तो तीन-चार वॅटवर बसतो. मुद्दाम विकत मात्र आणू नका. ऑफिसातून निघालेला डबीएवढा मिनी पीसी मिळाला तर लॅपटॉपइतकाच काटकसरी असतो, फक्त बॅटरी नसते.

यंत्रात पाहायच्या गोष्टी थोड्याच. प्रोसेसर ६४ बिटचा हवा, साधारण २००८-०९ नंतरचा असेल तर बहुधा असतो. रॅम २ जीबीत भागतं, ४ असली तर आराम. लॅनचं, म्हणजे राउटरची केबल लावायचं, पोर्ट शाबूत हवं. एक तरी यूएसबी ३ चं पोर्ट असावं, ते बहुधा आतून निळं असतं. यूएसबी २ वर डेटा सेकंदाला ३०-४० एमबीच्या पुढं सरकत नाही. कीबोर्डची चार बटणं गेलेली, स्क्रीनवर रेघ, बिजागरी मोडलेली, ह्यातलं काहीच आड येत नाही.

आधी बॅटरी बघा

ही पायरी गाळू नका. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का, टचपॅड वर उचललंय का, झाकण नीट बसत नाही का? तसं असेल तर बॅटरी फुगलीय. ती टोचून, दाबून बघू नका. काढून ई-कचऱ्यात द्या आणि लॅपटॉप बॅटरीविना चालवा. मग मात्र छोटा यूपीएस लागेल. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो. अशा हवेत शंभर टक्के भरलेली बॅटरी महिनोन्महिने प्लगवर ठेवली की ती फुगायला वेळ लागत नाही. म्हणून बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती विंडोज काढायच्या आधी लावून घ्या. काही लॅपटॉपमध्ये ही सोय विंडोजमधूनच लावता येते.

जागाही आत्ताच ठरवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर नको, स्वयंपाकघराच्या भिंतीला नको, देवघराच्या कोनाड्याशेजारी नको. खालच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच, चारी बाजूंनी वारा लागेल अशी फळी बघा, राउटरच्या जवळची. ज्यांच्या घराला लागून माग आहेत त्यांनी पंख्याकडं विशेष लक्ष द्यावं. कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत बसून वर्षभरात चक्क वाकळ तयार होते. दर तीन महिन्यांनी लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं काडीनं अडवून, रंगाच्या मऊ ब्रशनं जाळी झाडा. डिस्कचं तापमान ४५ च्या खाली राहिलं तर मी निवांत असतो.

डिस्क : इथं कंजूषपणा नको

लॅपटॉप जुना चालेल, डेटाची मुख्य डिस्क नवी घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारी वापरलेली डिस्क, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधून काढलेली डिस्क, असल्या भानगडीत पडू नका. जी आधीपासून घरात आहे ती वापरायची असेल तर तपासून वापरा. विंडोज असतानाच क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात 05, C5 आणि C6 या क्रमांकांच्या ओळी पाहा (दुसरीकडं हेच ५, १९७ आणि १९८ असे दिसतात). पहिली ओळ निकामी होऊन बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, दुसरी संशयित सेक्टरांची, तिसरी वाचताच न आलेल्या सेक्टरांची. तिन्हीपुढं शून्य हवं. नसेल तर त्या डिस्कवर सिनेमे ठेवा, लग्नाचे फोटो नकोत.

शून्य आहे म्हणून गाफीलही राहू नका. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यात दिसलं. आणि त्याच अभ्यासात कितीतरी डिस्का कसलाही इशारा न देता गेल्या होत्या.

आकार अडीच इंची घ्या, यूएसबीवरच चालणारी. साडेतीन इंचीत जागा स्वस्त पडते खरी, पण तिला भिंतीतला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जिवंत आणि डिस्क लिहिता लिहिता मेलेली. फुकटच्या यूपीएसचा सगळा फायदाच गेला. अडीच इंची डिस्क लॅपटॉपकडूनच वीज घेते, तीही नुसती फिरताना एक-दोन वॅट.

माझी मांडणी अशी आहे. लॅपटॉपच्या आतली जुनी ५०० जीबीची डिस्क काढली. तिथं १२० जीबीची स्वस्त एसएसडी घातली, फक्त सिस्टीमसाठी. डेटासाठी २ टीबीची नवी अडीच इंची डिस्क यूएसबी ३ वर. काढलेली जुनी डिस्क तपासून साध्या केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडता येणाऱ्या डबीत, घातली, ती पुढं कामाला येणार आहे. यूएसबीची लोंबती वायर नको असेल तर सीडी ड्राइव्हच्या जागी बसणारी डिस्कची कॅडी मिळते. घेताना जाडी मोजा, ९.५ मिलिमीटर की १२.७. मी न मोजता आणली होती, परत करायला नवी पेठेत दुसरी चक्कर पडली.

जागा किती हवी? मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा, फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी. नुसते फोटो असतील तर १ टीबीत अडीच लाख मावतात, त्यामुळे ठरवायचं ते व्हिडिओंवरून. १ टीबीची डिस्क लावल्यावर ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

सिस्टीम टाकणं

जुन्या लॅपटॉपमधलं हवं ते सगळं आधी बाहेर काढून घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा डेटा, डेस्कटॉपवरचे फोल्डर. इथून पुढं तो कोरा होणार.

आपण ओपनमीडियाव्हॉल्ट टाकणार आहोत. मोफत आहे, डेबियन लिनक्सवर उभं आहे. फोल्कर थायले या प्रोग्रामरनं हा प्रकल्प सुरू केला. कामं जवळजवळ सगळी ब्राउझरमधून होतात, काळ्या पडद्यावर काही टाइप करत बसावं लागत नाही. ट्रूनॅस नावाचं दुसरं प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. जुन्या लॅपटॉपला ते झेपणारं नाही.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओपनमीडियाव्हॉल्टच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा, तिच्यातच अख्खी सिस्टीम असते. रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरनं ती पेनड्राइव्हवर चढवा, पेनड्राइव्ह ४-८ जीबीचा पुरे, आतलं सगळं पुसलं जाईल. लॅपटॉपला लॅनची केबल थेट राउटरपासून लावा. आणि आता ठळक सांगतो : डेटाची डिस्क लॅपटॉपपासून काढून बाजूला ठेवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात ती लागलेली होती. 'कुठल्या डिस्कवर टाकू' या प्रश्नाला मी घाईत दुसऱ्या ओळीवर एंटर मारला आणि बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो जिथं होते तिथं लिनक्स जाऊन बसलं. फोटो फोटोग्राफरकडं होते म्हणून निभावलं.

लॅपटॉप चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, ज्या कंपनीचं जे असेल ते बटण दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. भाषा, देश, टाइम झोन निवडा. यंत्राला नाव द्या, इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. मी कणगी ठेवलंय. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारेल, तो कागदावर लिहा. डिस्क निवडा, दहा-पंधरा मिनिटं चहा प्या, पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा. स्क्रीनवर शेवटी १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता दिसेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅपटॉपच्या स्क्रीनचं काम जवळजवळ संपलं.

जवळजवळ म्हटलं, कारण झाकण लावलं की लॅपटॉप झोपी जातो. दोन उपाय आहेत. लॉगइनडी या सेवेच्या कॉन्फिग फाइलीत 'हँडल लिड स्विच' अशी ओळ असते, तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढून पुढं 'इग्नोर' लिहायचं आणि रीस्टार्ट करायचं. किंवा झाकण चार बोटं उघडं ठेवायचं. मी दुसरा करतो. बऱ्याच लॅपटॉपची थोडी गरम हवा कीबोर्डमधूनही वर येते, तिला वाट राहते.

ब्राउझरमधून पुढची मांडणी

दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. सुरुवातीचं युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ओपनमीडियाव्हॉल्ट, दोन्ही इंग्रजी छोट्या लिपीत. आत गेल्या गेल्या पासवर्ड बदला. आता डेटाची डिस्क जोडा आणि हा क्रम पाळा. स्टोरेजमध्ये जाऊन डिस्क दिसते का पाहा. फाइल सिस्टीममध्ये तिच्यावर ईएक्सटी४ ही लिनक्सची फायली मांडायची पद्धत तयार करून माउंट करा, म्हणजे डिस्क वापरात आणा. शेअर्ड फोल्डर बनवा : फोटो, कागदपत्रं, कारखाना, जे असेल ते. युजर्समध्ये घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा आणि कुणाला कुठल्या फोल्डरात लिहिता येईल, कुणाला नुसतं वाचता येईल ते ठरवा. शेवटी सर्व्हिसेसमध्ये एसएमबी, म्हणजे विंडोजला फोल्डर दाखवणारी सेवा, चालू करून ते फोल्डर त्यात जोडा. जोडताना रीसायकल बिनचा पर्याय चालू करा. नाहीतर कणगीवरून चुकून उडवलेली फाइल कायमची जाते, ती विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये सापडत नाही.

प्रत्येक बदलानंतर वर पिवळी पट्टी येते आणि तिच्यावरचं बरोबरचं चिन्ह दाबेपर्यंत काहीही लागू होत नाही. "सगळं केलं तरी फोल्डर दिसंना" म्हणून येणाऱ्या दहा फोनांतले निम्मे या पट्टीचेच असतात.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन शोधा आणि कणगीला तिचा पत्ता कायमचा बांधून द्या. नाहीतर लाइट जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि घरात ओरडा होतो. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढं यंत्राचं नाव टाकलं की फोल्डर उघडतात. त्यावर उजवी क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह केलं की घरच्यांना तो साधा झेड ड्राइव्ह दिसतो. त्यांना त्यापलीकडं काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

पहिली कॉपी वायफायवरून करू नका, कॉम्प्युटरलाही केबल लावा. राउटरचं पोर्ट १०० मेगाबिटचं असेल तर ५०० जीबीला बारा-तेरा तास लागतील, रात्रभर लावून द्या. गिगाबिटचं असेल तर दीड-दोन तासांत काम होतं.

मोबाइलचे फोटो आपोआप यायला अँड्रॉइडवर फोल्डरसिंक आहे, आयफोनवर फोटोसिंक. दोन्हींना एसएमबी समजतं. फोल्डरसिंकमध्ये 'घरच्या वायफायवर असताना' आणि 'चार्जिंगला लावल्यावर' हे दोन पर्याय निवडा, आणि दिशा एकतर्फी ठेवा, मोबाइलकडून कणगीकडं. दुतर्फी ठेवली तर पोरानं मोबाइलमधला फोटो उडवला की इकडचाही उडतो. चेहरे ओळखणारं, गुगल फोटोजसारखं दिसणारं इमिच वगैरे लावायचा मोह होईल. सहा महिने थांबा, आणि जास्त रॅमच्या यंत्रावर लावा.

इतकं झालं तरी बॅकअप झालेला नाही

आतापर्यंत जे झालं ते स्टोरेज. लोक इथंच थांबतात, आणि मोबाइलमधले, कॉम्प्युटरमधले मूळ फोटो उडवून जागा मोकळी करतात. त्या कारखानदारानं नेमकं हेच केलं होतं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा हिशेब सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दोन डिस्का जोडून रेड करावं का, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल असं करावं का, असं हमखास विचारलं जातं. घरी नका करू. यूएसबीच्या डिस्कांवर तर मुळीच नको. रेडमध्ये एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच फायदा. पण तुम्ही चुकून उडवलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी उडते. त्या दुसऱ्या डिस्कचा उपयोग वेगळी ठेवून जास्त आहे.

आता ती केसिंगमधली जुनी डिस्क काढा. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये प्लगिनच्या यादीत यूएसबी बॅकअप नावाचं प्लगिन आहे. त्यात एकदा सांगून ठेवायचं की ही डिस्क लावली की या फोल्डरांची कॉपी तिच्यावर घे. मग महिन्यातून एकदा डिस्क लावायची, काम झालं की काढायची. आतून हे काम आरसिंक करतं, ते फक्त नव्या आणि बदललेल्या फायली नेतं. पहिल्यांदा काही तास लागतील, नंतर काही मिनिटं. गंमत म्हणजे १९९६ मध्ये आरसिंक पॉल मॅकेरास यांच्याबरोबर तयार करणारे ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनीच १९९२ च्या सुमारास सांबा सुरू केलं होतं, ज्याच्यामुळं तुमची कणगी विंडोजला दिसते. एकाच माणसाच्या जिवावर आपलं अर्धं घर चाललंय.

ही डिस्क काढून ठेवणं महत्त्वाचं आहे. घरातल्या एखाद्या कॉम्प्युटरला खंडणीवाला व्हायरस लागला तर त्या कॉम्प्युटरला जिथं जिथं लिहिता येतं तिथली प्रत्येक फाइल तो कुलूपबंद करतो, झेड ड्राइव्हसकट. कपाटात बंद असलेल्या डिस्कपर्यंत त्याचे हात पोचत नाहीत. पाणी, आग, चोरी यांचे हात मात्र कपाटापर्यंत पोचतात. म्हणून अशा दोन डिस्का फिरवत्या ठेवा. एक आपल्या कपाटात, दुसरी दुसऱ्या घरात. माझी दुसरी डिस्क अक्कलकोटला भावाकडं असते. दर एक-दोन महिन्यांनी जाणं होतंच, जाताना ताजी नेतो, येताना जुनी आणतो. नवी डिस्क घेऊन कुलूपबंद करून ठेवायची असेल तर कराच, पण पासवर्ड भावाला माहीत असू द्या.

एका गोष्टीवर माझं मत लिनक्सवाल्यांपेक्षा वेगळं आहे. या बाहेरच्या डिस्का मी एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीतच ठेवतो. लिनक्सची पद्धत जास्त चोख असेल, पण मी नसताना बायकोनं ती डिस्क कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरला लावली तर फोटो दिसले पाहिजेत. तिला ईएक्सटी४ शिकायला लावणारा बॅकअप काय कामाचा?

कॉम्प्युटरवरच्या रोजच्या कामासाठी विंडोजची फाइल हिस्टरी चालू करून तिला कणगीवरचा एक फोल्डर द्या. ती एकाच फाइलीच्या जुन्या आवृत्त्या राखते. मंगळवारी बिघडवलेली एक्सेल शीट सोमवारच्या रूपात परत मिळते.

बाहेरून बघता येईल का

येईल. पण राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट करून, कधीच नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं इंटरनेटला थेट उघडी ठेवलेली हजारो घरगुती स्टोरेज यंत्रं कुलूपबंद केली होती. शिवाय बऱ्याच फायबर कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळं पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल लावा, वैयक्तिक वापराला मोफत आहे, मोबाइल आणि कणगी एकमेकांशी बंद बोगद्यातून बोलतात. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी याची गरजच पडत नाही.

देखभाल आणि चाचणी

ओपनमीडियाव्हॉल्टच्या स्मार्ट विभागात, जिथं डिस्कची तब्येत कळते, आठवड्याला छोटी आणि महिन्याला मोठी चाचणी लावून द्या. नोटिफिकेशनमध्ये स्वतःचा मेल घाला, डिस्क आजारी पडायला लागली तर मेल येतो. काही स्वस्त यूएसबी केसिंग ही माहिती पुढं जाऊच देत नाहीत. तसं दिसलं तर केसिंग बदला. महिन्यातून एकदा अपडेट. उन्हाळ्यात चार दिवस गावाला जाणार असाल तर सरळ बंद करून जा, बिघडत काही नाही.

आणि दर तीन महिन्यांनी उलटा प्रवास करून बघा. बाहेरची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, तिच्यावरून पाच-सहा फायली उचला : गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत काढलेला एक फोटो, एक व्हिडिओ, घराच्या उताऱ्याची पीडीएफ, सर्वांत जुनी एखादी फाइल. उघडून शेवटपर्यंत बघा. नुसती नावं दिसतात यावर जाऊ नका, शून्य केबीच्या फायलींनाही नावं असतात. माझ्याकडं एकदा सलग दोन महिने एक फोल्डर कॉपीच होत नव्हता. नाव बदललं होतं आणि कामाच्या यादीत जुनंच राहिलं होतं. हे उघडून पाहिलं म्हणून कळलं.

एक वही करा. कणगीचा पत्ता, पासवर्ड, कुठली डिस्क कुठं आहे, शेवटची कॉपी कधी घेतली. वही शिधापत्रिका असतात त्या फाइलीत ठेवा, म्हणजे वेळेला सापडते.

त्या कारखानदाराच्या टेबलाखालचा एक लॅपटॉप आता ऑफिसातल्या फळीवर आहे, चार बोटं उघडा. बाहेरची डिस्क जुळे सोलापुरात त्याच्या बहिणीकडं असते. मागच्या महिन्यात चाचणी म्हणून त्यानं त्या डिस्कवरून एक जुनं मोराचं डिझाइन उघडलं, पुण्याहून परत आलेल्या निम्म्यातलं. बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसला. म्हणाला, "हे तर मी विसरूनच गेलो होतो की, मालक." आणि पोराला हाक मारून विचारलं, आठ नंबरचा माग कधी मोकळा होतोय ते.